न उठलेला हात

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या देवांनासुद्धा आता कुणी नैवेद्य दाखवत नाही. ग्रीस देशात समुद्राकाठी एक नगर होतं आणि त्या नगराला राजा नव्हता. राजा नाही म्हटल्यावर लहान मुलं लगेच विचारतात, मग हुकूम कोण करायचं? तर सगळे मिळून करायचे. वर्षातून एकदा नगरातले पुरुष टेकडीवर जमायचे आणि वर्षभराच्या कारभारासाठी आपल्यातलीच माणसं नेमायचे. वर्ष संपलं, की त्या माणसांनी पुन्हा त्याच टेकडीवर उभं राहून केल्या कामाचा जबाब द्यायचा, आणि मग मुकाट्यानं घरी जाऊन आपला धंदा बघायचा.

बरीचशी कामं चिठ्ठ्या टाकून वाटली जात. बाजारातली मापं कुणी तपासायची, रस्त्यांवर देखरेख कुणी करायची, हे ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याच्या गळ्यात पडायचं. पण दोन कामं नशिबावर सोडायची नाहीत असं त्या लोकांनी ठरवलं होतं. एक लढाईचं आणि दुसरं पाण्याचं. म्हणून सेनापती आणि झरेपाल हे दोघे हात वर करून निवडले जायचे. हात मात्र उजवाच हवा. डावा हात वर केला तर देव रागावतात अशी समजूत होती, आणि दवंडीवाला तो धरतच नसे.

नगराला पाणी एकाच झऱ्याचं. डोंगराच्या पोटातून निघून मातीच्या नळ्यांतून ते आधी वरच्या टाक्यात यायचं, तिथून मधल्या, आणि शेवटी खालच्या आळीच्या टाक्यात. झरेपालानं शपथ घ्यायची, की कुणालाही पाळीबाहेर पाणी देणार नाही. मग त्याच्या डोक्यावर हिरव्या पानांचा मुकुट ठेवत. त्या मुकुटाला हात लावणं म्हणजे सगळ्या नगराच्या अंगावर जाणं, असा कायदा होता. आणि शपथ मोडणाऱ्यालाही एकच शिक्षा होती. सभेत त्याचा हात पुन्हा कधीही धरला जायचा नाही. त्यानं खुशाल घरी राहावं, धंदा करावा, पण टेकडीवर तो असून नसल्यासारखा. यापेक्षा हद्दपारी परवडली असं लोक म्हणत.

तर एका वर्षी फिलोन नावाच्या कौलं भाजणाऱ्या माणसाला लोकांनी झरेपाल केलं. माणूस कामाचा होता. आदल्या उन्हाळ्यात मधल्या टाक्याची नळी तुंबली होती, ती यानंच शोधून मोकळी केली होती. दवंडीवाल्यानं नाव पुकारलं, फिलोन खडकावर उभा राहिला आणि समोरच्या उतारावर एकदम हातच हात उभे राहिले. दवंडीवाला हात मोजत नसे, नुसती नजर फिरवायचा. त्यानं नजर फिरवली, आता बास म्हणाला, आणि मुकुट फिलोनच्या डोक्यावर आला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण फिलोननंही नजर फिरवली होती. उताराच्या अगदी कडेला, ऑलिव्हच्या झाडाखाली, खालच्या आळीतला म्हातारा पाथरवट बसला होता. त्याचा हात मांडीवर होता आणि तो शेवटपर्यंत मांडीवरच राहिला.

घरी बायकोनं दाराला पानांची माळ लावली होती, अंजिरं आणि मधाची पोळी केली होती. फिलोन दोन घास खाऊन उठला आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागला. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तेव्हा त्यानं त्या हाताचं सांगितलं. मी त्याचं काय वाकडं केलंय, त्याला माझ्याबद्दल काय कळलंय, तो आणखी कुणाकुणाला काय सांगत असेल, असं बरंच काही तो बोलत राहिला.

बायको म्हणाली, "एवढे हात वर झाले, आणि तुम्ही घरी घेऊन आलात तो खाली राहिलेला. इतकं सलतंय तर जाऊन विचारा ना त्याला."

झरेपालानं एका पाथरवटाच्या दारात जाऊन विचारायचं, तू मला का निवडलं नाहीस? फिलोनला ते कसंसंच वाटलं. ती म्हणाली, आम्हा बायकांना तर टेकडीवर यायचीही सोय नाही, आमचे हात कुठं होते म्हणून कुणी झोप घालवत नाही. त्याच्या येरझाऱ्या चालूच राहिल्या.

विचारायचं नाही असं ठरवलं खरं, पण पाय मात्र रोज खालच्या आळीकडे वळत. पाथरवट आपल्या दाराशी बसून डाव्या हातानं बारीक दगड घडवत असे. फिलोन लांबूनच हात उंचावून त्याला नमस्कार करायचा. पाथरवट फक्त हनुवटी हलवायचा. हातही वर करत नाही, फिलोन मनात म्हणायचा, एवढी अढी! मग त्यानं निरोप पाठवला, की तुमच्या घरचं पाणी सकाळी सगळ्यांच्या आधी भरून घेत चला. पाथरवटाचं उत्तर आलं, की पाळी येईल तेव्हा मुलगी येईलच. साधं उत्तर होतं. फिलोननं ते मनात इतक्या वेळा घोळवलं, की त्यात त्याला टोमणा ऐकू येऊ लागला.

माणसाचं मन असं एकदा बिथरलं, की ते एका जागी थांबत नाही. या एकाचा हात खाली राहिला, पुढच्या वर्षी दहांचा राहील, असं फिलोनला वाटू लागलं. झऱ्याकडे जाताना वाटेत कुणी दिसलं, की तो त्याच्या चेहऱ्यापेक्षा हाताकडे बघायचा. हा माणूस माझा आहे का, हा एकच विचार. नळ्यांचे सांधे तपासायचे दिवस निघून गेले, आणि तो बाजारात लोकांची खुशाली विचारत फिरत होता.

अशा माणसाचा वास मागणाऱ्यांना बरोबर येतो. पहिल्यांदा वरच्या अंगाचा द्राक्षमळेवाला आला. माझा नवा मळा वाळतोय, वरच्या टाक्याच्या आधी एक बोटभर नळी काढू द्या, कुणाला कळणारही नाही, असं म्हणाला. आणि जाता जाता म्हणाला, आमच्या घरचे सगळे हात तुमचेच आहेत. फिलोनला शपथ आठवली. पण ते हात त्याला जास्त जवळचे वाटले. त्यानं हो म्हटलं आणि त्या रात्री त्याला पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

झोप एकाच रात्रीची होती. सकाळी उठल्यावर त्याला वाटलं, मळेवाल्याला दिलं आणि कातडी कमावणाऱ्याला दिलं नाही, तर तो रागावेल. कातडी कमावणारा आला तेव्हा त्यालाही नळी मिळाली. मग तालमीचा वस्ताद आला, पोरांना कुस्तीनंतर आंघोळीला पाणी पुरत नाही म्हणून. त्यालाही मिळाली. प्रत्येकानं फिलोनच्या खांद्यावर हात ठेवून गोड बोलून निरोप घेतला. आणि प्रत्येक वेळी फिलोनला चार घटका बरं वाटून पुन्हा काळजी लागली.

उन्हाळा चढला. झरा काही दर वर्षीपेक्षा जास्त आटलेला नव्हता, पण खालच्या टाक्यात पाणी पोचेना. आधी धार बारीक झाली, मग तुटक झाली, मग टाक्याच्या तळाशी शेवाळ दिसू लागलं. खालच्या आळीतल्या बायका उजाडायच्या आधीपासून घडे मांडून बसू लागल्या. ज्यांच्या घरी तान्ही मुलं होती त्या रडकुंडीला आल्या. फिलोनकडे तक्रार गेली, की तो म्हणायचा, उन्हाळाच कडक आहे. त्याला खरं कारण ठाऊक होतं. ते तोंडावर येऊ नये म्हणून तो आणखी भरभर चालायचा.

एके दिवशी दुपारच्या वेळी खालच्या टाक्यावर गलका झाला. धार अचानक जरा मोठी झाली आणि सगळ्या बायका एकदम पुढे घुसल्या. त्या रेटारेटीत एक मुलगी पडली आणि भरलेला घडा तिच्याच पायावर आला. फिलोन धावत पोचला तेव्हा ती टाक्याच्या काठाला टेकून बसली होती, पाय सुजून निळा पडला होता आणि भोवती घड्याच्या खापऱ्या पसरल्या होत्या. ती पाथरवटाची मुलगी होती.

फिलोन खाली बसला. वर्षभर मनात कोंडून ठेवलेला राग बाहेर पडला, तोही नको तिथं. "तुझा बाप स्वतः का येत नाही पाण्याला? एवढा धट्टाकट्टा माणूस, मुलीला का पाठवतो?"

मुलीनं मान वर केली. पायाच्या कळा सोसत ती म्हणाली, "ते घडा कसा उचलतील? खाणीत दरड पडली तेव्हापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तुम्हाला ठाऊक नाही?"

सगळ्या खालच्या आळीला ठाऊक होतं. पाणी भरणाऱ्या बायकांना ठाऊक होतं. डाव्या हातानं दगड घडवणारा म्हातारा फिलोननं रोज पाहिला होता, नमस्काराला नुसती हनुवटी हलवणारा पाहिला होता, घडा घेऊन येणारी मुलगी पाहिली होती. नव्हता विचारला तो फक्त एक प्रश्न. जिथं हात वर करून माणसं निवडतात, तिथं खाली राहिलेला हात म्हणजे वैरच, अशी त्यानं खूणगाठ बांधली होती. हात उठतच नसेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मुलीला उचलून बायका घरी घेऊन गेल्या. फिलोन टाक्याच्या काठावर तसाच बसून राहिला. त्याला शरम वाटली, आणि तिच्याहून जास्त भीती वाटली. एका म्हाताऱ्याच्या दुखऱ्या खांद्यापायी त्यानं शपथ मोडली होती, आणि त्यात एका मुलीचा पाय जायबंदी झाला होता.

मग तो उठला. घरून कौलांची माती खणायची पहार आणली आणि भर उन्हात डोंगर चढला. मळेवाल्याची नळी त्यानं मुळापासून फोडून ते तोंड चिखलानं लिंपून टाकलं. मग कातडी कमावणाऱ्याची, मग तालमीची. मळेवाला गड्यांना घेऊन धावत आला, पण मुकुटाकडे बघून जागीच थांबला.

तो म्हणाला, "हा पाला काही कायम डोक्यावर राहत नाही. उतरेल त्या दिवशी बघू."

संध्याकाळपर्यंत खालच्या टाक्यात धार लागली. फिलोन मात्र आणखीच बेचैन झाला, कारण वर्ष संपत आलं होतं आणि जबाबाचा दिवस जवळ येत होता.

त्या दिवशी सकाळी मळेवाल्याचा माणूस निरोप घेऊन दारात आला. निरोप गोड होता. सभेत दवंडीवाला नेहमीप्रमाणे विचारील, शपथ पाळलीस का. तुम्ही पाळली म्हणा. नळ्यांचं आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि आम्ही बोलणार नाही, कारण बोललो तर आमचंच पितळ उघडं पडेल. पुढच्या वर्षी आमचे हात पुन्हा तुमच्यासाठी वर होतील. मग नळ्यांचं बघता येईल.

फिलोननं निरोप ऐकला आणि दार लावून घेतलं. बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, त्याच्या अंगरख्याची घडी सारखी केली आणि विचारलं, "पाळली म्हणालात तर झोप लागेल का तुम्हाला?" तो म्हणाला, ठाऊक नाही. मग ती म्हणाली, या घरात वर्षभर मीही जागीच आहे, तेवढं लक्षात ठेवा.

टेकडी माणसांनी भरली होती. फिलोननं मुकुट काढून दवंडीवाल्याच्या हातात दिला आणि तो खडकावर चढला. समोर तोच उतार, तेच ऑलिव्हचं झाड, आणि झाडाखाली तोच म्हातारा, हात मांडीवर ठेवून बसलेला. दवंडीवाल्यानं विचारलं, "फिलोन, शपथ पाळलीस का?"

सभा निवांत होती. लोकांना तो शब्द पाठ होता. दर वर्षी पाळली म्हणायचं, लोकांनी हुंकार द्यायचा, आणि मग बकरा कापायचा. फिलोननं झाडाखालच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाही पाळली."

मग त्यानं सगळं सांगितलं. कुणाला नळी दिली, का दिली, आणि खालच्या आळीचं पाणी कुठं गेलं. मुलीच्या पायाचंही सांगितलं. एक हात उठला नाही म्हणून हे सगळं केलं, असं जेव्हा तो म्हणाला, तेव्हा काही जण हसले. तेही हसणं त्यानं ऐकून घेतलं.

दवंडीवाल्यानं पुकारलं, हा दोषी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच हात मळेवाल्याचा गेला. मग कातडी कमावणाऱ्याचा, मग वस्तादाचा, आणि मग उतारभर हात उभे राहिले. फिलोन या वेळी हात बघत नव्हता. टेकडीवरून खालच्या आळीचं टाकं दिसायचं, तो तिकडे बघत होता. बायका एकामागून एक घडे भरून घेत होत्या आणि कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

दवंडीवाला बास म्हणणार, तेवढ्यात झाडाखालचा पाथरवट उठून उभा राहिला. "माझं राहिलं," तो म्हणाला. "माझा हात वर जात नाही, म्हणून तोंडानं सांगतो. हा दोषी आहे. माझी मुलगी अजून लंगडते आहे. गेल्या वर्षीही माझा हात असाच खाली होता. तेव्हा मी याच्या बाजूचा होतो. पण मला कुणी विचारलं नाही, यानं नाही आणि तुम्हीही नाही. आणि ज्यांनी नळ्या घेतल्या त्यांचे हात आज इतके वर कसे, तेही जरा विचारा."

सगळ्या माना त्या तिघांकडे वळल्या. मळेवाल्याचा हात हळूहळू खाली आला. शपथ फिलोनची होती, म्हणून शिक्षा फिलोनला झाली. सभेत त्याचा हात त्या दिवसापासून धरला गेला नाही. पण त्या तिघांना सभेनं वर्षभर पाणी भरायला खालच्या टाक्यावर, रांगेच्या शेवटी उभं केलं. आणि आणखी एक रीत त्या दिवशी पडली. बास म्हणायच्या आधी दवंडीवाला विचारू लागला, की कुणाचा हात उठत नाही असं आहे का?

फिलोन घरी आला, अंगरखा खुंटीला लावला आणि दिवसाढवळ्याच झोपला. बायकोनं त्याला जेवायलाही उठवलं नाही.

पुढच्या वर्षी सभा भरली तेव्हा फिलोन ऑलिव्हच्या झाडाखाली पाथरवटाशेजारी जाऊन बसला. पाथरवटानं सरकून त्याला जागा दिली. मुलीचा पाय कसा आहे, हे फिलोननं विचारलं. पाथरवटानं सांगितलं, की थंडीत दुखतो.

नवा झरेपाल निवडला गेला. तरुण होता, उत्साही होता, गेल्या सभेच्या वेळी परगावी होता, आणि खडकावर उभा राहून उतारभर नजर फिरवत होता. ती नजर झाडाखाली येऊन अडकली. सगळीकडे हात वर, आणि इथं दोन हात खाली. दवंडीवाल्यानं विचारल्यावर पाथरवटानं आपलं मत तोंडानं सांगितलं होतं, पण गलक्यात ते खडकापर्यंत पोचलं नव्हतं. फिलोनला त्याच्या चेहऱ्यावर ती ओळखीची चुळबुळ दिसली.

पण हा तरुण शहाणा निघाला. मुकुट डोक्यावर येताच तो खडकावरून उतरला, लोकांमधून वाट काढत थेट झाडाखाली आला आणि त्यानं विचारलं, "माझं काही चुकलं का?"

फिलोननं पाथरवटाकडे बोट दाखवलं. "यांचा खांदा गेलाय," तो म्हणाला, "आणि माझा मान गेलाय. तुमचं काही चुकलेलं नाही. आता इथं थांबू नका, झऱ्याकडे जा."

तरुण झऱ्याकडे गेला. आणि ती गोष्ट सांगत सांगत त्या नगरातली माणसं आपल्या मुलांना म्हणत राहिली, ते आपणही लक्षात ठेवावं:

ज्याला लोकांनी निवडलं, त्यानं आपल्या बाजूनं किती हात उठले ते बघत बसू नये, आपल्या हाती काय सोपवलंय ते बघावं.